चार्ल्स्टनच्या जुन्या प्लांटेशनवर भात पेरलं त्याची गोष्ट

साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इथे मार्च लागला की आधी पाइनच्या परागकणांनी सगळ्या गाड्या पिवळ्या होतात, आणि मग आठवडाभरात अझेलिया अशी फुटते की पानं दिसेनाशी होतात, नुसता गुलाबी रंग. अ‍ॅशली नदीच्या कडेने जो हायवे ६१ जातो ना त्याच्यावर तीन जुनी प्लांटेशनं ओळीने आहेत, ड्रेटन हॉल, मॅग्नोलिया आणि मिडलटन प्लेस. वसंतात शनिवार-रविवारी तिथे नुसती गर्दी, लग्नाआधीचे फोटो काढणारे, व्हीलचेअरवरच्या आज्या, शाळेच्या ट्रिपा. आम्हीपण दरवर्षी जायचो. भारतातून कोणी आलं की त्यांनाही न्यायचो, तळ्याकाठी फोटो, ओकच्या झाडाखाली फोटो, की घरी.

दोन वर्षांपूर्वी मुलीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मिडलटनच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या हिरवळीवर उभं राहून विचारलं, आई, प्लांटेशन म्हणजे शेत ना, मग शेत कुठेय? आणि मला उत्तर देता येईना. मी अलिबागच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातजमिनीच्या पट्ट्यातली, शेतात वाढलेली बाई, आणि चार वर्षं तिथे जाऊन मी एकदाही शेत शोधलं नव्हतं.

शेत होतं. खाली, नदीच्या बाजूला. भाताचं.

नंतर वाचत गेले तसं कळत गेलं की हा सगळा पट्टाच भातावर उभा राहिलेला आहे. १७व्या शतकाच्या शेवटी इथे भात आलं, आणि पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं या किनाऱ्यावरची मोठी घरं, बागा, चर्चं, चार्ल्स्टनच्या त्या पर्यटकांच्या आवडत्या रंगीत गल्ल्या, यातलं कितीतरी त्या पैशातून झालं. आणि ते पिकवलं आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी. त्यातले बरेच जण सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन या बाजूचे, जिथे भाताची शेती शेकडो वर्षं चालत आलेली होती. म्हणजे ही माणसं भात ओळखत होती. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, मी समजत होते की मालकाला शेती येत होती आणि यांनी फक्त राबायचं काम केलं.

तर मिडलटन प्लेसला एक छोटं दाखवण्यापुरतं खाचर ठेवलेलं आहे, कॅरोलायना गोल्ड जातीच्या भाताचं, आणि त्याला व्हॉलंटियर लागतात. हे कळल्यावर जानेवारीत मी फॉर्म भरला. फॉर्मात एक प्रश्न होता, शेतीचा काही अनुभव आहे का. मी लिहिलं, भात, खाडीकाठचं, लहानपणापासून. दोनच दिवसांत फोन आला आणि पलीकडच्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो असा, तुमच्याकडे बी चिखलात कसं टिकवता, पाण्यावर तरंगत नाही का? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. या देशात आल्यापासून मला माझ्या शेताबद्दल कोणी कधी काही विचारलंच नव्हतं.

आधी एक ओरिएंटेशन असतं, अर्धा दिवस. गमबूट आणा, पाणी आणा, पूर्ण बाह्यांचे कपडे, सुसर दिसली तर लांब थांबायचं आणि सांगायचं (अ‍ॅलिगेटर, तळ्याच्या काठाला ऊन खात पडलेले असतात, हे खरंच दिसतात). ते सगळं पटकन झालं. मग बोलायचं कसं यावर बराच वेळ घेतला. गुलाम म्हणू नका, गुलाम केले गेलेले लोक म्हणा, कारण गुलाम ही त्यांची जात नव्हती, त्यांच्यावर केलेली गोष्ट होती. पाहुण्यांनी काही विचारलं आणि माहिती नसेल तर अंदाजाने सांगू नका. आणि कोणी म्हणालं की इथले मालक तसे चांगले होते, तर वाद घालू नका, त्यांना एलायझाच्या घरात घेऊन जा.

एलायझाचं घर म्हणजे एक साधं लाकडी घर आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी बांधलेलं. एलायझा लीच नावाची बाई तिथे राहणारी शेवटची, म्हणून तिचं नाव. आत एक यादी लावलेली आहे. मिडलटन कुटुंबाच्या मालकीच्या माणसांची, सगळ्या मळ्यांवरची मिळून, १७३८ ते १८६५, अठ्ठावीसशेच्या वर नावं. मी आधी चार वर्षं या जागी येत होते आणि त्या घरात गेलेच नव्हते कारण ते बागेच्या वाटेवर पडत नाही.

त्या दिवशी मात्र मी ती यादी बोट लावून वाचत बसले. या भागातल्या अशा याद्यांमधे कफी, कजो, क्वाश अशी नावं येतात, ती वारांची नावं आहेत हे आम्हाला शिकवलं. कफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, कजो सोमवारचा, क्वाश रविवारचा. हे ऐकून मला एकदम आमच्या गावामागची कातकरवाडी आठवली, सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. माझ्या लहानपणी आमच्या बांधावर काम करायला यायचे त्या बुधाकाकांचं नाव बुधवारवरून आहे हे मला चाळिशीत, अमेरिकेत, एका भिंतीपुढे उभं राहून लक्षात आलं. मी तिथे रडले. लपवायचं काय त्यात.

पहिला शनिवार मार्चअखेरचा. वर बागेत गर्दी आणि खाली आम्ही नऊ जण, पाट साफ करायला आणि माती फोडायला. त्या चिखलाला इथे प्लफ मड म्हणतात, आणि त्याचा वास म्हणजे तंतोतंत आमच्या खाडीचा वास, ओहोटी लागल्यावर येतो तो. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मी मात्र कितीतरी वेळ नुसती श्वास घेत उभी होते.

अवजार एकच, लांब दांड्याचं खोरं. आपल्या फावड्यापेक्षा पातं जड. नांगर नाही, बैल नाही. खऱ्या भरतीच्या खाचरात तर जनावर चालवणं अवघडच, रुततं, त्यामुळे बरंचसं काम माणसाच्या हाताने आणि खोऱ्याने. इथे टास्क नावाची पद्धत होती, म्हणजे दिवसाचं ठरवून दिलेलं काम, ते झालं की उरलेला वेळ तुमचा. खोदाई-खुरपणीचं टास्क पाव एकर. पाव एकर ऐकून कुणालाच काही अंदाज येईना, मी मनात हिशोब केला, १० गुंठे. एका माणसाने, एका दिवसात, खोऱ्याने, १० गुंठे! आमच्याकडे १० गुंठ्यांवर एखाद्याचं अख्खं घर आणि वाडी असते. मी त्या दिवशी तीन तासांत जेवढं केलं ते मोजलं तर एक गुंठासुद्धा भरला नाही, आणि मी काही शहरात वाढलेली नाही. संध्याकाळी हाताला फोड आले होते, गाडीचं स्टिअरिंग धरवेना, आणि डोक्यात तेच, १० गुंठे, आणि उद्या परत १० गुंठे, आणि ते तापाच्या दिवसांतसुद्धा, कारण साचलेल्या पाण्यावर डास आणि डासांवर मलेरिया, मालक लोक उन्हाळ्यात शहरात किंवा समुद्रावर निघून जायचे आणि हे इथेच. लहान मुलं तर इतकी मरायची की वाचवत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्हाला पाण्याच्या दारांबद्दल सांगितलं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी लाकडाचं छोटं मॉडेल आणलं होतं. इथे त्याला ट्रंक म्हणतात, कारण सगळ्यात आधी झाडाचं पोकळ केलेलं खोड बांधात गाडून त्याला बूच मारायचे, पुढे चौकोनी लाकडी पेटी आली, दोन्ही टोकांना झुलती दारं, पण नाव तेच राहिलं. भरती आली की बाहेरचं दार वर उचलून ठेवायचं, नदीचं पाणी रेट्याने आतलं दार ढकलतं आणि खाचरात शिरतं, ओहोटी लागली की आतलं पाणीच ते दार दाबून बंद करतं. रिकामं करायचं असेल तर उलटं. पंप नाही, इंजिन नाही, नुसता चंद्र आणि एक झुलती फळी.

मी म्हटलं, हे आमच्याकडे आहे. आम्ही याला उघाडी म्हणतो. सगळे थांबले. मग मला पुढे बोलावलं आणि मी ते मॉडेल हातात घेऊन समजावलं की खारेपाटात उघाडी एकाच बाजूने उघडते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खारं पाणी आत येऊ नये म्हणून आपोआप मिटते. आमचं भात पावसावर, खाडीचं पाणी आमचा शत्रू. आणि इथे तर यांनी भरतीलाच कामाला लावलं होतं! त्याच्यामागची गोष्ट अशी की नदीचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड, भरती खालून ढकलते आणि वरचं गोडं पाणी उचललं जातं, नदीचा जो टापू बरोबर या खेळात बसतो तिथेच शेत करायचं, थोडं खाली गेलात तर मीठ, थोडं वर गेलात तर भरतीचा जोर पोचत नाही. मीठ चढलंय का हे ट्रंक सांभाळणारा माणूस पाणी चाखून ओळखायचा. एका चुकीच्या भरतीला दार उघडलं तर वर्षाचं पीक गेलं. आणि तो माणूस गुलाम केलेला होता.

आता इथे मला जे म्हणायचंय ते म्हणते. आपण अशा जागांबद्दल वाचतो तेव्हा हाल, चाबूक, साखळदंड, हे वाचतो आणि ते खरंच आहे, ते कुठेही कमी करायचं नाहीये. पण माझ्या डोक्यात या माणसांची जी प्रतिमा होती ती फक्त पाठीची होती, वाकलेली पाठ. डोक्याची नव्हती. दलदलीत वाढलेली सायप्रसची झाडं तोडून, मुळं उपटून, नदीच्या कडेने मैलोन्मैल बांध घालून, पाणी इंचावर खेळवणारी माणसं ही मजूर नव्हती नुसती, ती तज्ज्ञ होती. बांध घालणं काय असतं ते मला माहितीये. माझ्या आजोबांचं आयुष्य बांध राखण्यात गेलं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गावातले सगळे बाप्ये रात्री कंदील घेऊन बांधावर असायचे, खेकड्याच्या एका बिळातून बांध फुटतो.

आणि माझे पणजोबा खोताचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ होते. चरीच्या शेतकरी संपात ते होते, १९३३ ते १९३९, सहा वर्षं पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसली नाही, लाकूडफाटा विकून, उपाशीतापाशी राहून काढली ती वर्षं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, बाबासाहेब आंबेडकरही त्या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. आमच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात. म्हणून मिडलटनच्या त्या हिरवळीवरून खाली खाचराकडे बघताना मला वर कोण आणि खाली कोण हे लगेच कळतं. पण तरीही मला हे दोन एक म्हणायचे नाहीत. खोताने पणजोबांचं अर्ध्याहून जास्त भात नेलं, पण त्यांची पोरं बाजारात विकली नाहीत. पणजोबांना संप करता आला. त्या यादीतल्या माणसाला संप म्हणजे मरण. चार्ल्स्टनपासून जवळच स्टोनो नदीपाशी १७३९ साली त्यांनी उठाव केलाच, आणि त्याचं काय झालं ते बघा, शेकडो मैल पळायचा प्रयत्न, पकडून मारलेली माणसं, आणि त्यानंतर आणखी कडक कायदे, लिहायला शिकायलासुद्धा बंदी.

दुसरा शनिवार एप्रिलातला, लोकांसाठीचा दिवस. तेव्हा पूर्ण जागा जिवंत असते. तबेल्याच्या अंगणात लोहार भाता मारत असतो, कुंभार चाकावर, एकीकडे पिंपं बनवणारा, आणि त्या दिवशी मेंढ्या भादरायचं चाललं होतं, हातकात्रीने, लोकर एकसंध गोधडीसारखी निघते आणि पोरं टाळ्या वाजवतात. आमच्या मुलीला मात्र सगळ्यात आवडली म्हैस. हो, म्हैस! इथे पाणम्हशी आहेत, १९व्या शतकात मिडलटनांनी कॉन्स्टँटिनोपलहून म्हशी आणल्या होत्या, चिखलातल्या भातशेतीच्या कामाला चालतील म्हणून, त्याची आठवण म्हणून आजही पाळतात. तिने कुंपणापाशी उभं राहून, अमेरिकन मुलांच्या घोळक्यात, मराठीत म्हशीशी गप्पा मारल्या.

माझं काम कांडपाच्या ठिकाणी होतं. लाकडाचा ओंडका पोकरून केलेलं कमरेएवढं उखळ आणि दोन्ही टोकांनी वापरायचं मुसळ, एक टोक निमुळतं, त्याने तूस काढायचं, दुसरं बोथट, त्याने सडायचं. आपल्या मुसळाला खाली लोखंडी कडं असतं, याला नाही, बाकी उचलायचा ताल तोच. माझ्याबरोबर गुल्ला गिची समाजातली एक आजी होती. गुल्ला गिची म्हणजे या किनाऱ्यावरच्या भातशेतीवरच्या लोकांचे वंशज, स्वतःची बोली, स्वतःचं जेवण, स्वतःच्या टोपल्या, २००६ साली अमेरिकेच्या संसदेने त्यांचा पूर्ण किनारपट्टा वारसा म्हणून जाहीर केलाय. त्या आजी गवताच्या टोपल्या विणतात. त्यांनी आणलेली फॅनर म्हणजे चक्क आपलं सूप, फक्त गोल, वेटोळं घालून विणलेलं. मी कांडलेलं भात त्यात घेतलं आणि हात आपोआपच सुरू झाले, झटका, वर, झेल, झटका. तूस वाऱ्यावर गेलं. आजी म्हणाल्या, तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आजीने. त्या म्हणाल्या, मलापण.

त्यांच्याकडून एक गोष्ट कळली ती मी कधीच विसरणार नाही. कांडताना तांदूळ तुटतो. अख्खा तांदूळ पिंपात भरून युरोपला जायचा. तुटलेला, ज्याला इथे मिडलिन्स म्हणतात, तो कांडणाऱ्यांच्या वाट्याला. कणी! आम्ही कणीची पेज खाऊन मोठे झालो आणि अख्खा तांदूळ विकायला जायचा. आजींनी सांगितलं की त्यांच्याकडे अजून सकाळी कणीच शिजवतात, आणि आता चार्ल्स्टनच्या महागड्या हॉटेलात तीच कणी राइस ग्रिट्स म्हणून ताटात येते.

हे कांडप शेतातलं टास्क सोडून वेगळं असायचं बरं का, पहाटे उजाडायच्या आधी आणि रात्री. १७८७ च्या सुमारास जोनाथन लुकास नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी गिरणी काढली तेव्हापासून ते हळूहळू कमी झालं. त्याच्या आधीची नव्वद-एक वर्षं बहुतेक तांदूळ, जहाजंच्या जहाजं भरून, या अशा मुसळांनी कांडलेला आहे. मी वीस मिनिटं कांडलं आणि खांदा भरून आला.

गर्दीतल्या एका बाईंनी मधेच विचारलं, की हे सगळं छान आहे पण वसंतात असं दुःखाचं कशाला दाखवायचं, लोक फुलं बघायला येतात. मला वाद घालायचा नव्हता. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की ही बाग १७४१ मधे सुरू झाली, हेन्री मिडलटनच्या काळात, आणि या पायऱ्या, ती फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी, हे खोदायला शंभर माणसांना दहा वर्षं लागली असं सांगतात, त्यामुळे फुलं आणि ते वेगळं नाहीये, तुम्ही ज्या उतारावर उभ्या आहात तो हातांनी केलाय. त्या काही बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने मी त्यांना एलायझाच्या घराच्या पायऱ्या चढताना पाहिलं.

मला स्वतःला वाटतं फुलं असलीच पाहिजेत. लोक फुलांसाठी येतात म्हणून तर यादीपर्यंत पोचतात. या घराण्यातला आर्थर मिडलटन, हेन्रीचाच मुलगा, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, आणि त्याच्याच नातवाने १८६० मधे साउथ कॅरोलायनाने देशातून फुटून निघायच्या ठरावावर सही केली, १८६५ च्या फेब्रुवारीत उत्तरेच्या सैन्याने मोठं घर जाळलं, १८८६ च्या भूकंपात उरलेल्या भिंतीही पडल्या, एक बाजूची इमारत तेवढी राहिली. घर गेलं आणि खाली नदीकाठच्या बांधांच्या रेषा अजून दिसतात, हे बघताना मला फार बरं वाटतं.

पेरणी तिसऱ्या शनिवारी, एप्रिलअखेरीला. बी म्हणजे कॅरोलायना गोल्ड, तूस पिकल्यावर खरंच सोन्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. हे बी जवळजवळ गेलंच होतं. गुलामी संपली, मग १८९३ आणि १९११ ची वादळं, वर लुइझियाना-अर्कान्सासकडे घट्ट जमिनीवर यंत्राने भात सुरू झालं आणि इथल्या मऊ चिखलात यंत्र उभं राहीना, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी इथली भातशेती बंद पडली. १९८० च्या दशकात सवानाच्या डॉ. रिचर्ड शुल्झ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरकारी बियाणे संग्रहातून थोडंसं बी मिळवून परत लावलं, सुरुवातीला त्यांना फक्त बदकं यायला हवी होती शिकारीला. तिथून ते परत पसरलं.

आणि आता त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर, बी तरंगू नये म्हणून काय करायचं. इथली पद्धत अशी की चिकणमाती पाण्यात कालवून तिच्यात बी टाकायचं आणि अनवाणी पायांनी तुडवायचं, प्रत्येक दाण्याला मातीचा लेप बसला पाहिजे, मग सुकवायचं. पूर्वी हे काम तरुण मुलं-मुली करायची. मी पायातलं काढलं, बाकीच्यांनीही काढलं, माझी मुलगीपण आली होती, आणि आम्ही ताडपत्रीवर ते बी तुडवलं. पायाखाली आधी बोचतं, मग लेप बसला की गुळगुळीत होतं, हे पायालाच कळतं, बघून कळत नाही.

आईला रात्री व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती म्हणाली, अगं एवढं कशाला, रहू टाकायचं सरळ. रहू म्हणजे आमची खारेपाटातली पद्धत, बी पोत्यात एक दिवस भिजवायचं, मग पेंढ्याखाली दाबून ठेवायचं, मोड आले की चिखलावर फेकायचं, मोड असल्याने ते चिकटतं. मी दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या सरांना हे मेसेज करून सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी एका वाफ्यात रहू टाकून बघू म्हणाले. आईला सांगितल्यावर ती काही बोलली नाही, पदर सारखा केला आणि परत परत विचारत राहिली, खरंच लिहून घेतलं?

पेरताना खोऱ्याने फुटाफुटावर सरळ चर ओढायचे, त्यात बी सोडायचं, काही ठिकाणी टाचेने खड्डा करून बी टाकून पायाच्या बोटांनी माती सारायची, टाच, बोटं, टाच, बोटं, कमरेत न वाकता. हे पायाने पेरणं आफ्रिकेतून आलेलं आहे असं सांगितलं. ते जमायला मला तासभर गेला, मुलीला पाच मिनिटं. मग पाणी सोडलं. पहिलं पाणी स्प्राउट फ्लो, मोड येईपर्यंत. मग काढून टाकायचं. पुढे सुईसारखे कोंब दिसले की पॉइंट फ्लो, नंतर तण मारायला लाँग फ्लो, शेवटी कणसं जड झाली की ती तोलून धरायला हार्वेस्ट फ्लो. प्रत्येक पाण्याला नाव आहे. आपल्याकडे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला असतं तसं.

चौथा शनिवार मेचा दुसरा आठवडा. पोचले तेव्हा उजाडत होतं. पाणी उतरवलेलं, काळा चिखल, आणि त्याच्यावर हिरव्या रेघा. काही रेघा वाकड्या होत्या त्या माझ्या. आम्ही खुरपलं, आणि बॉबोलिंक नावाचे पक्षी हाकलले, उत्तरेला जाताना मे महिन्यात ते उतरतात आणि कोवळे कोंब उपटतात, इथे त्यांना तांदूळपक्षीच म्हणायचे. पूर्वी मुलांना दिवसभर फळ्या वाजवत बांधावर उभं करायचे. माझ्या मुलीने दोन फळ्या घेतल्या आणि सकाळभर वाजवल्या, मधेच थांबून तिने विचारलं, त्या मुलांना दुपारी घरी जाता यायचं का? मी तिला खरं ते सांगितलं. मग ती परत वाजवायला लागली, पण आधीसारखं नाही, हळू.

या वर्षी ती परत माझ्याबरोबर यायची आहे, अकरा वर्षांची झालीये ती. रहूचा एक वाफा ठरलाय. भिजवायला पोतं मिळत नव्हतं ते एका दुकानातून कॉफीचं रिकामं पोतं आणून ठेवलंय, आणि आईने विचारलंय की पेंढा कुठला घालणार, तिकडचा पेंढा ऊब धरतो का ते आधी हात घालून बघ.